दारात बोलायचं नसतं

गुणा,

आपल्या गल्लीत आज कोणी परका माणूस आला, तर त्यालाही कळेल की तू कुठपर्यंत पोचला होतास. मारुतीच्या पारापासून काकाजींच्या फाटकापर्यंत सगळी दारं मोकळी आहेत. तिथून पुढे, अगदी टोकाच्या आमच्या घरापर्यंत, प्रत्येक दाराशी पोळ्याच्या दिवशी लावलेला मेढा अजून उभा आहे. पळसाच्या त्या फांद्यांची पानं वाळून तांबूस झाली. काहींची गळून पडली. कोणी त्यांना हात लावत नाही. बाया सडा टाकतात तोसुद्धा मेढ्याला चुकवून.

परवा तुझी तेरवी. शाळेत शोकसभा झाली तेव्हा मुख्याध्यापकांनी तुझं पूर्ण नाव सांगितलं, इयत्ता सांगितली, स्वभाव मनमिळाऊ होता असं सांगितलं. मग मला बोलायला सांगितलं, कारण मी तुझा वर्गशिक्षक आणि तू माझ्याच गल्लीतला होतास. मी उभा राहिलो. तुझ्या बाकावर तुझ्या शेजारचा मुलगा अजून अर्ध्याच जागेवर बसला होता, उरलेली तुझ्यासाठी सोडून. मी काही न बोलता खाली बसलो. म्हणून हे लिहितो आहे.

मला अजून जुळवता येत नाही, गुणा. तुला मी तू रांगत होतास तेव्हापासून ओळखतो. साऱ्या गल्लीच्या काकाजींना मी स्वतः रांगत होतो तेव्हापासून. ती बंदूकही ओळखीची. संत्र्याच्या बागेत रानडुकरं येतात म्हणून काकाजींनी लायसन काढून घेतलेली, आणि दसऱ्याला हळदकुंकू लावून ओसरीवर ठेवायचे तेव्हा आम्ही पोरं लांबून बघायचो, ती. या तिन्ही गोष्टी माझ्या आयुष्यात इतकी वर्षं शेजारी शेजारी होत्या. त्या एका वाक्यात येतील असं मला कधी वाटलं नाही. अजूनही ते वाक्य मी मनात म्हणून पाहतो तर मध्येच थांबतो.

आवाज झाला तेव्हा मी जागाच होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची, पाडव्याची पहाट; दारोदारचे मेढे उचलून शिवेबाहेर टाकायचा, मारबत न्यायचा दिवस. पाराकडून तुझी आरोळी येत होती, थांबून थांबून. एका दारचा मेढा उचलायचा, रस्त्यावर यायचं, मग आरोळी. "इडा, पिडा, खोकला, खाज, घेऊन जा गे मारबत!" तुझा आवाज नुकताच फुटला होता, त्यामुळे "गे"वर तो घसरायचा, आणि मला अंथरुणात हसू येत होतं. मग एक मोठा आवाज झाला. मला वाटलं कोणाचा टिनाचा पत्रा पडला. पुढच्या आरोळीची मी वाट पाहिली.

मी पोचलो तेव्हा उजाडत होतं. तू काकाजींच्या ओसरीच्या पायरीखाली होतास. तुझ्या हातात पळसाची फांदी होती. रस्त्यावर दोरीनं बांधलेली तुझी मोळी पडली होती, आधीच्या सगळ्या दारांच्या मेढ्यांची. काकाजी पायरीवर बसले होते. बंदूक त्यांनी तुळशीच्या ओट्याला टेकवून ठेवली होती, माणूस छत्री टेकवून ठेवतो तशी. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "हा तं गुणा होय. आपला गुणाच होय ना रे हा?"

मी हो म्हणालो. त्यानंतर आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्दही बोललेलो नाही.

पोलीस बरेचसे गोटमारीच्या, त्या दगडफेकीच्या जत्रेच्या बंदोबस्ताला पांढुर्ण्याला गेले होते. ते येईपर्यंत मी तुझ्याजवळ बसून होतो. त्याच दिवशी दुपारी आपण दोघं पांढुर्ण्याला जाणार होतो ना. तू म्हणाला होतास, गोटे लागणार नाहीत अशी लांबची जागा तुला माहीत आहे. तिथं बसून मला तोच विचार येत होता, की आता बस चुकणार.

बसवरून आठवलं. आठवलं म्हणजे काय, सारखंच आठवतं.

मी नागपूरला कॉलेजात होतो तेव्हा आई रोज पहाटे डबा करायची आणि तू तो बसस्टँडवर नेऊन नागपूरच्या गाडीत कंडक्टरच्या हवाली करायचास. तुझं वय तेव्हा डबा दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढंच होतं. कोणी तुला हे काम सांगितलं नव्हतं. एकदा आईला ताप होता म्हणून तू गेलास आणि नंतर ते काम तुझंच झालं. एक दिवस मी कॉलेजातून खोलीवर आलो तर पायरीवर डबा आणि डब्याशेजारी तू. त्या दिवशी कंडक्टर नवीन होता आणि त्यानं डबा घ्यायला नकार दिला, म्हणून तू स्वतःच गाडीत बसून आला होतास. मी घाबरून तुझ्यावर रागावलो. इकडे घरी काय आकांत झाला असेल, असं ओरडलो. तू शांतपणे म्हणालास, "रोज डबा एकटा येते तं चालते. मी आलो तं काहून चालत नाही?" मग खालच्या आवाजात सांगितलंस की भाजी बोरगावपाशीच सांडली, पण पोळ्या आहेत.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. माझी पदवीची चौकट आईनं देवघराच्या वर लावली आहे. लोक ती बघून माझ्या हुशारीबद्दल बोलतात. त्या पदवीत तुझं किती चालणं आहे ते मला माहीत आहे. हे मी तुला कधी म्हणालो नाही. असं आपल्याकडे कोणी कोणाला म्हणत नाही. तू मोठा झाल्यावर, तुझ्या लग्नात वगैरे, हसत हसत सांगेन असं मनात होतं. कंडक्टर होणार म्हणायचास ना तू. मी म्हणायचो, आधी बीए हो. तर म्हणायचास, "तुम्ही बीए झाले भाऊ, पण गाडीत तं उभेच असता. कंडक्टरले हक्काची सीट आहे."

आणि पोळ्याच्या संध्याकाळचं आपलं भांडण. तू नाल्यावरून पळसाच्या फांद्या आणल्या होत्या आणि घरोघर वाटत होतास. मी तुला अडवून म्हणालो की यंदा तुझं दहावीचं वर्ष आहे, पहाटे उठतोस तर अभ्यास कर, फांदीनं रोगराई जात नसते. मी शिकवतो तशाच आवाजात बोललो असणार. तू खांद्यावरची मोळी खाली ठेवलीस आणि म्हणालास, "फांदीनं जात नाही हे मलेबी माहीत आहे. पण लोकं दारात लावून बसतात ना भाऊ. नेणारा नाही आला तं तो दारातच सुकते. बरं दिसते काय ते?"

मी म्हणालो, मग माझ्या दारचा नेऊ नको, मला नाही पटत.

तू हसलास. "तुमचं दार शेवटी येते. रस्त्यावरून विचारतो, नेऊ काय म्हणून. तवा सांगजा."

पुढची दोन-तीन घरं मी तुझ्याबरोबर चाललो, भांडण अर्धवट राहिलं म्हणून. काकाजींच्या घरी काकू बाहेर आल्या. त्या मेढ्यालासुद्धा हळदकुंकू लावतात, तुला माहीतच आहे. त्यांनी लावलं, आणि गुडघे दुखतात म्हणून मला म्हणाल्या, तूच उभा कर रे बापू. दाराच्या उजव्या हाताला, पायरीच्या वर, मी तो उभा केला. तू मागून म्हणालास, "पटत नाही म्हणे, अन् लावून राहिले." काकू हसल्या. काकाजी आत ट्रान्झिस्टर ऐकत होते.

हे सगळं मी इतक्या बारकाईनं लिहितो आहे, कारण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत यातलं काहीच झालं नव्हतं असं ठरलं.

छिंदवाड्याहून वकील आले. सकाळी "हा तं गुणा होय" म्हणणारे काकाजी संध्याकाळी सांगू लागले की अंधार होता. ओसरीवर कोणीतरी चढलं. त्याच्या हातात लाकूड होतं. मेढा त्यांच्या दाराला लावलाच नव्हता, मग पोराचं तिथं काय काम. त्यांनी दोनदा हाक दिली, कोण आहे, कोण आहे. त्यानं उत्तर दिलं नाही. म्हणून जिवाच्या भीतीनं गोळी मारली.

गुणा, तुला आश्चर्य वाटेल, पण आपल्या गावाला दोन दिवसांत कायदा पाठ झाला. चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे, आमच्या शिक्षकांच्या खोलीत, सगळीकडे आत्मसंरक्षण हा एकच शब्द. सूर्य उगवायच्या आधी रात्रच धरतात, म्हणून ती रात्रीची घरफोडी होते, असं एक जण म्हणायचा. ओसरी म्हणजे घर धरायचं की अंगण, यावर दोघांची हातघाई व्हायची वेळ आली. हातात लाठी असलेला माणूस निःशस्त्र कसा, असं कोणी विचारी. आखाडात काकाजींच्या गोठ्याचं कुलूप तोडलं होतं, तेव्हापासून ते नीट झोपत नव्हते, हेही लोक सांगत, आणि ते खरं आहे. टपरीवाला मला म्हणाला, "मास्तर, तुमच्या घरात कोणी शिरलं असतं म्हणजे तुम्हाले समजलं असतं. पुस्तकात नाही लिहेल राहत ते." कोपऱ्यातून एक म्हातारा बोलला, की पांढुर्ण्याले दिवसभर गोटे खातात त्यायले भेव नाही, अन् इथं फांदीचं भेव लागलं. सगळे हसले. मीसुद्धा हसलो असेन. मग हसू तोंडावरच राहिलं आणि मी चहा तसाच ठेवून निघालो.

भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. त्या पायरीवर बसलेला माणूस मी पाहिला आहे. पण माणसाची भीती खरी असली म्हणून समोरचा चोर खरा होत नाही. एवढी साधी गोष्ट मला टपरीवर बोलता आली नाही.

आणि सगळा वाद ज्या एका प्रश्नावर येऊन अडत होता, त्याचं उत्तर आपल्या गल्लीतल्या प्रत्येक पुरुषाला ठाऊक होतं. हाक दिली तर पोरगं बोललं का नाही? चोर नव्हता तर नाव सांगायचं होतं. जो तो हे विचारी आणि जो तो खाली बघे.

का नाही बोललास ते मला माहीत आहे. मेढा उचलताना दारात बोलायचं नसतं. बोललं तर पीडा आवाज ऐकून घरातच राहते. मुकाट्यानं उचलायचा, मागे बघायचं नाही, आणि रस्त्यावर आल्यावरच आरोळी द्यायची. दुसऱ्या गल्लीत ही रीत नाही, आपल्याच आहे. आणि ती आम्हाला कोणी शिकवली? मी मारबत न्यायला लागलो त्या पहिल्याच वर्षी एका दारात आरोळी दिली होती. ते दार काकाजींचं होतं. त्यांनी मला कानाला धरून रस्त्यावर नेलं होतं आणि हसत सांगितलं होतं, "दारात बोलू नोको बे. कोणी काही विचारलं तरी बोलू नोको. पीडा लबाड राहते." माझ्यानंतरच्या पोरांना त्यांनीच सांगितलं. तुलाही त्यांनीच सांगितलं असणार.

त्यांनी हाक दिली आणि तू त्यांचंच ऐकलंस.

हे मला तिसऱ्या दिवशी, वर्गात हजेरी घेताना, एकदम कळलं. पुढचं नाव न घेता मी हजेरी मिटली. पोरं बघत होती.

तुझी आई आमच्या घरी आली तेव्हा ती रडत नव्हती. दाराच्या आत आलीच नाही. मेढ्याशेजारी उभी राहिली आणि मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही शिकेल आहा. कोर्टात काय होते ते मले समजत नाही, अन् त्यायले फाशी व्हावं असंबी मी म्हणत नाही. पण माह्या पोराले चोर नोका लिहू देऊ." जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचणारी ती बाई. तिनं कधी कोणाच्या बागेतलं पडलेलं संत्रं तुला उचलू दिलं नाही. ती गेल्यावर बाबा बराच वेळ बिडी न पेटवता हातात धरून बसले.

बाबांचं तुला माहीत आहे. त्यांनी सगळी उमर काकाजींच्या वखारीत संत्र्याच्या पेट्या भरल्या. मी जुनी अकरावी पास झालो तेव्हा बाबा मला पेट्या भरायलाच लावणार होते. काकाजींनी त्यांना ओरडून सांगितलं की पोराचे हात पेटीत घालू नको. स्वतः माझ्याबरोबर नागपूरला आले, कॉलेजात उभे राहिले, खोली पाहून दिली. घरी परतताना मला रसवंतीत नेऊन म्हणाले, "भेव नोको करू. इथंबी आपल्यासारखीच माणसं आहेत." ते वाक्य मी तीन वर्षं उशाशी घेऊन झोपलो. ज्या तोंडानं ते वाक्य बोललं, त्याच तोंडानं तुला चोर म्हटलं, हे मला कोण समजावून सांगणार?

बाबा म्हणाले, "मीठ खाल्लं आहे त्यायचं."

मी म्हणालो, हो.

सकाळी उठलो तर बाबांनी माझ्या सायकलच्या दोन्ही चाकांत हवा भरून ठेवली होती. सायकलच्या दांडीवर हात ठेवून म्हणाले, "ठाण्यात जाशील तं सारं सांगजो. अर्धं नोको सांगू. त्यायनं तुले शिकवलं, तेबी सांगजो."

मी सारं सांगितलं. ठाण्यातला मुन्शी हिंदीत जबाब लिहीत होता. त्यानं लाठी लिहिलं, मी म्हणालो लाठी नाही, पळसाची फांदी लिहा, हळदकुंकू लावलेली, मी स्वतः उभी केली होती. दारात न बोलायची रीत सांगितली तेव्हा त्यानं पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. ती कोणी शिकवली, तेही सांगितलं. शेवटी मी म्हणालो की काकाजींनी मला नागपूरला नेलं, त्यांच्यामुळे मी शिकलो. मुन्शी म्हणाला, "मास्टरजी, ये तो केस में नहीं लगेगा." मी म्हणालो, तरी लिहा. त्यानं लिहिलं की नाही ते मला माहीत नाही.

परत येताना गल्लीत कोणी माझ्याशी बोललं नाही. टपरीवाल्यानं पाणी मारायच्या निमित्तानं पाठ केली. गल्लीतल्या ज्या लोकांनी काकाजींकडूनच ती रीत शिकली, त्यांनी आपापली दारं ओढून घेतली. वकिलांचा माणूस घरी येऊन बाबांना सांगून गेला, की मुलाची साक्ष टिकणार नाही, मेढा होता असं म्हणणारा तो एकटाच आहे. आणि ते खरं होतं. पाहिलेले तिघेच. त्यातला तू गेलास. उरले मी आणि काकू. पोलिसांनी विचारलं तेव्हा काकू काहीच बोलल्या नव्हत्या, पदर तोंडाला लावून नुसत्या बसल्या होत्या. त्यांना दोष कसा देऊ? नवरा आहे त्यांचा.

इथपर्यंत काल रात्री लिहिलं होतं. आज सकाळी मी शाळेत जायला निघालो. काकाजींच्या फाटकापाशी आलो की मी हल्ली दुसऱ्या बाजूला बघतो. पण समोरच्या घरातल्या बाया तिकडे बघत उभ्या होत्या, म्हणून मीही पाहिलं.

काकूंच्या दाराशी, उजव्या हाताला, पायरीच्या वर, पळसाची फांदी उभी होती. हिरवीगार. पानांवर पाणी. तिला हळदकुंकू लावलेलं होतं. काकू शेजारी उभ्या होत्या, लुगड्याच्या काठाला आणि पायाला नाल्याचा चिखल. मेढा उभा करायला ज्या वाकू शकत नव्हत्या, त्या नाल्यापर्यंत उतरून फांदी तोडून आल्या होत्या. भर उजेडात, सगळ्या गल्लीसमोर, जिथं मेढा लावलाच नव्हता असं काकाजी म्हणत होते, तिथंच त्यांनी तो लावला होता. मागे, घराच्या अंधारात, काकाजी खाटेवर बसलेले मला दिसले. त्यांनी मान वर केली नाही.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी फाटक उघडून आत गेलो. मला खूप काही विचारायचं होतं. त्यांनाही काही म्हणायचं असावं, ओठ हलले. पण आम्ही दोघं बोललो नाही. दारात बोलायचं नसतं. मी मेढा उचलला, मागे न बघता रस्त्यावर आलो, आणि तिथं उभं राहून आरोळी दिली. मी, बीए झालेला, भर सकाळी, शाळेचे कपडे घालून. माझाही आवाज "गे"वर घसरला.

मग मी तू थांबलास तिथून पुढे निघालो. शेजारचं दार, त्याच्या पुढचं दार. वाळलेले मेढे हातात कुरकुर करत होते. पहिल्या दोन घरांतून कोणी बाहेर आलं नाही. तिसऱ्या घरी टपरीवाल्याच्या म्हाताऱ्या आईनं दार उघडलं आणि मुकाट्यानं बाजूला झाली. त्यानंतर एकेक दार उघडत गेलं. मोळी बांधायला दोरी नव्हती, तर बाबांनी पुढे होऊन डोक्याचा दुपट्टा दिला.

तुझी आई गल्लीच्या टोकाला, रस्त्यात उभी होती. ती काही बोलली नाही. तिनं फक्त काकूंच्या दारचा तो ओला मेढा माझ्या मोळीतून बाजूला काढला आणि स्वतःच्या हातात घेतला. शिवेपर्यंत तिनं तो तसाच धरला.

पण शिवेकडे वळण्याआधी, सगळ्यात शेवटी आमचं दार आलं. तू रस्त्यावरून विचारणार होतास, नेऊ काय म्हणून. मी रस्त्यावर थोडा वेळ थांबलो, कान देऊन.

ने, गुणा.